लोखंडी नांगर आणि विठोबाचे चित्र

आषाढीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत स्तंभलेखकाच्या फोनवर विठोबाची चौदा चित्रे आली. पाठवणारे कोण? पंपाचे दुकान, पॅथॉलॉजी लॅब, बिल्डर, चष्मेवाला, दोन क्लासवाले, एक पतसंस्था आणि असेच आणखी काही. कटेवर हात, मागे पताका, खाली शुभेच्छा आणि कोपऱ्यात लोगो. दोघांचे तर चित्रही एकच होते, फक्त लोगो वेगळा. लोगोवर अंगठा ठेवला असता तर चष्मेवाल्याचे कोणते आणि पतसंस्थेचे कोणते, हे त्यांच्या मालकांनाही ओळखता आले नसते.

भक्तीबद्दल तक्रार नाही. राग येतो तो धंद्याचा पैसा असा वाहून जातो याचा. चित्रे करून देणाऱ्याशी महिन्याला पंधरा-वीस पोस्टचा करार असतो. तेवढ्या भरायच्या तर विषय लागतात, ते सुचत नाहीत, म्हणून दिनविशेषाचा आधार घेतला जातो: योगदिन, डॉक्टर दिन, आषाढी, गुरुपौर्णिमा. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेलाही विषय मागतात. ती यादी देते, आणि शेजारच्या दुकानदारालाही साधारण तीच देते, कारण विचारणाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकाबद्दल तिला काही सांगितलेलेच नसते.

‘विषय संपले’ या तक्रारीवर या स्तंभाचे उत्तर वाचकांना पाठ असेल: गल्ल्याशेजारची वही, जिच्यात गिऱ्हाईक विचारते ते प्रश्न लिहायचे. तरी या आठवड्यात ते पुन्हा सांगावेसे वाटते, आणि त्यासाठी साक्ष काढायची ती शंभर वर्षांपूर्वीची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हता. लोखंडाने जमिनीत विष भिनते, ही समजूत पक्की होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. माल चांगला होता, गरजही होती. आडवी येत होती ती एक शंका. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, ज्यांना महाराष्ट्र शंवाकि म्हणून ओळखतो. ते स्वतः चित्रकार होते.

सुरुवातीला ते कारखान्याचे पत्र होते: कारखान्यात काय चालले आहे, कोणता माल निघाला आहे, याची गिऱ्हाइकांना खबर देणारे. पण ते तिथेच थांबले नाही. वाचणारा नांगर घेणारा होता, तसाच जुन्या समजुतींशी झगडणारा माणूसही होता. ‘खबर’ त्या माणसाशी बोलू लागली: उद्योग, स्वावलंबन, विज्ञान, समाजसुधारणा. पुढे ‘खबर’ हा शब्द गळला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मध्ये आले. नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्याच्या छपाईयंत्रातून मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारी तीन मासिके बाहेर पडली.

आता सातासमुद्रापलीकडचा दुसरा नांगरवाला. जॉन डीअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पोलादी नांगर बनवला. तिथल्या गवताळ मैदानांतली चिकट काळी माती ओतीव लोखंडाच्या फाळाला धरून बसे. शेतकऱ्याला दर थोड्या अंतरावर थांबून फाळ खरवडावा लागे. गुळगुळीत पोलादावरून ती माती सुटून पडू लागली. पुढे त्याच्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ नावाचे नियतकालिक काढले. फरो म्हणजे नांगराने पडलेले तास. ते आजही निघते, अनेक देशांत आणि अनेक भाषांत. त्यात कंपनीच्या यंत्रांपेक्षा शेती आणि शेतकरीच जास्त असतात.

दोन्ही नांगरवाल्यांना हीच वाट का सापडली असावी, याचे कारण मालातच आहे. नांगर दर महिन्याला कोणी घेत नाही. एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. मधल्या काळात गिऱ्हाइकाशी बोलायचे कशाबद्दल? नांगराबद्दल बोलावे तर त्याच्याकडे तो आहेच. बोलायचे ते शेताबद्दल, कारण शेत रोज समोर असते. मालाचे गुण दोन अंकांत सांगून संपतात. जो माल वापरतो त्याच्या अडचणी मात्र दर हंगामाला नव्या असतात. गिऱ्हाइकाच्या शंकेतून विषय उपसायचा हे त्या माळावर १९२० मध्येच कळले होते, असे या स्तंभाचे ठाम मत आहे. विठोबाचे चित्र पाठवणाऱ्या पंपवाल्याकडे आज मोबाइल आहे, फुकट व्हिडिओ आहे, हजार नंबरांची यादी आहे. शंवाकिंकडे खिळे जुळवणारे कामगार आणि पोस्टाचा थैला होता.

त्या पंपवाल्याच्या दुकानात एप्रिलमध्ये एक दिवस बसले की विषय हाताला लागतात. ‘मोटर फिरते, पण पाणी चढत नाही.’ फूटव्हॉल्व्ह गळत असेल, पाइपच्या जोडातून हवा शिरत असेल, किंवा विहिरीतले पाणीच खाली गेले असेल. वर ठेवलेला सेंट्रिफ्यूगल पंप व्यवहारात साधारण सात मीटर, म्हणजे तेवीस-चोवीस फुटांखालचे पाणी ओढू शकत नाही, मग मोटर कितीही एचपीची असो. हे माहीत नसल्याने शेतकरी जास्त एचपीची मोटर घेऊन घरी जातो आणि आठ दिवसांनी भांडायला येतो. पंप खाली उतरवून पाण्याच्या जवळ बसवला तर काम होते, हे दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्या शेतकऱ्याचे हजारो रुपये वाचवील. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीला पाणी चढायच्या आत मोटर वर कशी काढून ठेवायची, हा दुसरा. रब्बीत व्होल्टेज पडते तेव्हा वाइंडिंग का जळते, हा तिसरा. हेही कॅलेंडरच आहे. फक्त ते गिऱ्हाइकाच्या विहिरीवरून ठरते.

पॅथॉलॉजीवाल्याला रोज कोणीतरी विचारते, ‘उपाशीपोटी म्हणजे चहाही नाही का?’ बिल्डरला पहिला प्रश्न येतो, ‘कार्पेट किती?’ रेरा कायदा २०१६ चा. कार्पेट एरियाची व्याख्या त्यात लिहिलेली आहे. तरी बाल्कनी आणि भिंती त्यात धरतात की नाही, हे साध्या नकाशावर दाखवणारा बिल्डर विरळाच. जो दाखवील त्याच्यावर लोक विश्वास ठेवतील.

सगळ्यात घाबरवणारा प्रश्न किमतीचा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ‘रिव्हर पूल्स’ या पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या छोट्या कंपनीचा धंदा २००८ च्या मंदीत बसला. तिचे भागीदार मार्कस शेरिडन यांनी गिऱ्हाईक विचारते तो प्रत्येक प्रश्न घेऊन त्याचे उत्तर लिहायला सुरुवात केली, आणि त्यात ‘फायबरग्लासचा तलाव कितीला पडतो?’ हाही प्रश्न घेतला. या धंद्यातले लोक आकडा सांगायचे टाळत. शेरिडन यांनी किंमत कशाने वाढते, कशाने कमी होते हे उघड सांगितले. कंपनी तगली, आणि त्या अनुभवावर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले. आपल्याकडे मात्र किंमत विचारली की ‘इनबॉक्समध्ये या’ असे उत्तर मिळते, आणि गिऱ्हाईक तिथूनच परत फिरते.

दिनविशेषाच्या बाजूने वाचक ‘अमूल’चे नाव काढतील, ते योग्यच आहे. अमूलचे फलक रोजच्या घडामोडींवर चालतात. पण १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांनी कल्पना मांडली आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली, तेव्हापासून तीच मुलगी, तोच कोटीबाज स्वभाव आणि त्या दिवसाच्या बातमीवर बेधडक मत असे ते चालत आले आहे. नाव झाकले तरी फलक ओळखता येतो. त्यामागे साठ वर्षांचे सातत्य आहे. त्याची नक्कल म्हणून प्रसंग आला की लोगो चिकटवायचा, याचे काय होते ते २०२१ मध्ये दिसले. टोकियो ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकल्यावर अनेक कंपन्यांनी परवानगीविना तिचे नाव आणि छायाचित्र वापरून अभिनंदन केले, आणि तिचे काम पाहणाऱ्या संस्थेने सुमारे वीस कंपन्यांविरुद्ध कायदेशीर पाऊल उचलण्याची तयारी केली.

म्हणून पुन्हा तीच वही. दोनशे पानी, साधी, गल्ल्याशेजारी दोरीने बांधलेली. गिऱ्हाईक जे विचारील ते त्याच्याच शब्दांत लिहायचे; ‘ग्राहकांच्या शंका’ अशी शाळकरी भाषा नको. ‘एवढं महाग का?’ असे विचारले असेल तर तसेच. माल न घेता परत गेलेल्याचा शेवटचा प्रश्न लाल शाईने, कारण तीच आजची ‘लोखंडाने विष भिनते’. फोन उचलणारी मुलगी आणि दुरुस्तीला जाणारा मेकॅनिक यांनाही त्यात लिहू द्यावे. मालकाला जे ऐकू येत नाही ते त्यांना ऐकू येते. महिनाअखेर जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला असेल त्याचे उत्तर आधी द्यावे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यायचीच असेल तर ही वही तिच्यापुढे ठेवूनच घ्यावी.

गुरुपौर्णिमा चार दिवसांवर आली आहे, आणि चित्रे तयार होत असतील. त्यातल्या निदान एकाने या वेळी चित्र मागे ठेवून वहीतल्या एका प्रश्नाचे उत्तर पाठवावे, ही विनंती. आणि सोमवारी दुकान उघडल्यावर पहिल्या दहा गिऱ्हाइकांनी काय विचारले, ते या स्तंभाकडे जरूर कळवावे.