दोर कोणी पारखायचा?

विंचूरच्या उपबाजारात कांद्याची ट्रॉली उभी राहिली की व्यापारी वरवरचा कांदा बघून बोली लावत नाही. हात कोपरापर्यंत आत घालतो, तळातला कांदा उपसतो, मान दाबतो, पत्ती चोळून बघतो. द्राक्षाची तऱ्हा त्याहून कडक. युरोपला जाणाऱ्या बागेची आधी नोंदणी होते, मग मण्यातला औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. अंश जास्त निघाला की माल थांबला. पारख आमच्या रक्तातच आहे, असं आम्ही निफाड तालुक्यातले लोक छाती फुगवून सांगतो. मग माझा एक सवाल आहे. त्याच शिवारात, बांधावरच्या चिंचेवर माणूस तीस-चाळीस फूट वर चढतो, तेव्हा त्याच्या कमरेचा दोर कोण पारखतं?

कोणीच नाही. चिंच पिकली की व्यापारी झाड मक्त्याने घेतो, झोडायला गडी उक्ता आणतो. दोर मात्र कोणाचाच नसतो. आमच्याकडे दोराचीही उतरती भाजणी आहे. नवा दोर आधी ट्रॉलीवर, कांद्याच्या ताडपत्रीला. तिथं उन्हानं पांढरा पडला की गोठ्यात. गोठ्यातही नकोसा झाला की खुंटीवर. आणि गड्यानं दोर मागितला की मालक ओट्यावरूनच म्हणतो, "ने रे तो खुंटीवरचा. काही होत नाही त्याला!" विहिरीत मोटार सोडायची असली की हाच मालक नवा दोर आणायला बाजार गाठतो. मोटार पडली तर किती हजारांचा खड्डा पडेल हे त्याला तोंडपाठ असतं. माणूस पडला तर किती, हा हिशेब त्यानं कधी मांडलेलाच नसतो.

आमच्या शिवारात असाच एक जण पडला. नाव सांगत नाही. त्याची लेकरं अजून इथंच राहतात. दोर ट्रॉलीच्या हुकाला घासून एका जागी चपटा झालेला होता. नेमका तिथंच तुटला. लोक म्हणाले, वेळ आली होती. मी तो दोर हातात घेऊन पाहिला. वेळ बिळ काही नव्हती. ती चपटी जागा डोळे मिटून नुसता हात फिरवला असता तरी बोटांना लागली असती.

मोट चालायची त्या काळी असं चालत नसे. मोट जुंपायच्या आधी आमचे आजोबा नाडा आणि सोंदूर दोन्ही हातांतून वीत-वीत सरकवत बघायचे. नाडा तुटला तर धावेवरून उतरणारे बैल तोंडावर जातील, ही धास्ती. बैलासाठी रोज सकाळी जेवढं होत होतं, तेवढं माणसासाठी वर्षातून एकदा होऊ नये?

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही" ही म्हण आपण अडेल माणसाला लावतो. ती दोरालाही जशीच्या तशी लागू आहे. पीळ दिसतो म्हणून दोरात जीव आहे असं समजू नका. नायलॉन उन्हानं आतून खंगतं. फवारणीच्या शेडमध्ये, बॅटरीशेजारी दोर टांगला आणि आम्लाचा ओघळ लागला, तर वरून फारसं काही न दिसता तो कुजतो. गाठ मारली की त्या जागी दोराची ताकद पाव ते निम्मी कमी होते. आणि माणूस हातभर जरी घसरून दोरावर आला, तरी तो झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. शांतपणे टांगलेलं पोतं दोरानं पेललं म्हणून तो माणसाला झेलेल, हे गणित चुकीचं आहे.

पारखायला शाळा लागत नाही. दिवसाउजेडी दोर सगळाच्या सगळा हातातून सरकवा. कुठं कडक, कुठं मऊ, कुठं बारीक, कुठं चकचकीत वितळल्यासारखा लागतो का, ते बघा. पीळ उकलून आत डोकवा. भुगा निघाला तर तो दोर संपला. पट्टा असेल तर शिवणीचा एकेक टाका बघा, बकल बघा, हुकाची जीभ आपोआप मिटते का ते बघा. मग जमिनीपासून हातभर उंचीवर आपलं सगळं वजन टाकून लटकून बघा. एकदा झटका खाल्लेला दोर किंवा पट्टा पुन्हा वापरू नका. तो नुसता फेकूही नका, तुकडे करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी उकिरड्यावरून उचलून आणील. आणि माणूस वर असताना खाली एक जण हवाच. पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्याला लवकर उतरवलं नाही, तर पट्ट्यानं वाचवलेलाही दगावतो.

यावर जुनी खोडं हसतात. म्हणतात, "आमची हयात गेली झाडावर, कधी दोर लावला का?" त्यांचं अर्ध म्हणणं मला मान्य आहे. शेवग्यावर पाय द्यायचा नाही, जांभळाच्या फांदीचा भरवसा धरायचा नाही, ही अक्कल त्यांच्याच पायांत आहे. पण झाड ओळखणं वेगळं आणि दोर ओळखणं वेगळं. बिनदोराचा माणूस एका हातानं फांदी घट्ट धरून असतो. दोर बांधला की दोन्ही हात मोकळे सोडून तो मागं रेलतो. म्हणून कुजका दोर हा दोर नसण्यापेक्षा वाईट. तो माणसाचा हात सोडवतो आणि मग स्वतः तुटतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तर दुधाचं नुकसान; भरवशाचा दोर तुटला तर घर बसतं.

कायद्याचं म्हणाल तर कारखान्यातल्या मजुरासाठी १९४८ चा कायदा आला, बांधकाम मजुरासाठी १९९६ चा. विंचूरच्या औद्योगिक वसाहतीत उंचावर चढणाऱ्याला पट्टा न देणारा मालक निदान पकडला जाऊ शकतो. बांधावरच्या चिंचेवर चढणाऱ्याची चौकशी करायला कोण येणार? शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. उंचावरून पडून मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात. पण कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर वावर नाही, तोच बहुधा झाडावर असतो. म्हणजे ज्याचं झाड त्याला कवच, आणि जो वर चढला त्याला खुंटीवरचा दोर!

पैशाचं रडगाणं मला सांगू नका. आय.एस. ३५२१ चा शिक्का असलेला, खांद्या-मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा द्राक्षबागेच्या एखाद-दुसऱ्या फवारणीच्या खर्चात येतो. चार घरांनी मिळून एक घ्यावा, वर खरेदीची तारीख लिहावी, आणि फवारणीच्या शेडमध्ये न ठेवता घरात ठेवावा.

आणि शेवटची गोष्ट त्या चढणाऱ्या भावासाठी. दोर मालकाचा असो की मक्तेदाराचा, पारख तुझी. हाताला पटला नाही तर "नाना, ह्या दोरावर मी चढत नसतो," एवढं सांगून खाली बसायचं. त्याला माज म्हणणारा जो कोणी असेल, त्याला तोच दोर बांधून आधी चढायला सांग. कांद्याची बोली लावण्याआधी ट्रॉलीत हात घालायचा हक्क व्यापाऱ्याला आहे, आणि त्याबद्दल त्याला कोणी माजोरी म्हणत नाही.