मक्याला आधी भरखत, मग जिवाणू खत

मक्याच्या बियाण्यास पेरणीपूर्वी जिवाणू खत चोळण्याची रीत ठिकठिकाणी रुजत आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु तिच्या पाठोपाठ एक गैरसमजही पसरत आहे. पाकीट आणून बियाण्यास चोळले की युरियाचा खर्च वाचला आणि उकिरड्याकडे पाहण्याचेही कारण उरले नाही, असे कित्येकांस वाटते. आमच्या मते ही समजूत पीक व जमीन या दोहोंसही घातक आहे.

मका हे खादाड पीक आहे. आपल्या राज्यात त्यास हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश यांची शिफारस आहे. हरभरा किंवा तूर यांच्याप्रमाणे मक्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. अॅझोटोबॅक्टर हा जिवाणू मुळांभोवतीच्या मातीत स्वतंत्रपणे राहून हवेतील नत्र स्थिर करतो. या कामास लागणारी शक्ती त्यास सेंद्रिय पदार्थांतून मिळवावी लागते. ज्या रानात वर्षानुवर्षे शेणाची पाटी पडलेली नाही, तेथे तो बिचारा उपाशीच राहणार! परिस्थिती अनुकूल असली तरीही त्याच्याकडून हेक्टरी फार तर 20 किलोंच्या आसपास नत्राची अपेक्षा धरावी. स्फुरद विरघळविणारे जिवाणू तर नवे स्फुरद आणीतच नाहीत. चुनखडीच्या काळ्या जमिनीत अडकून पडलेले स्फुरद ते मोकळे करतात, एवढेच.

म्हणून प्रथम प्रश्न भरखताचा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे 10 टनांतून 50 किलो. त्याचा काही भागच पहिल्या हंगामात पिकास मिळतो, उरलेला पुढील पिकांच्या कामी येतो. शिवाय हलक्या जमिनीत ओल टिकते, हा लाभ कोणत्याही गोणीत मिळत नाही. पण उन्हापावसात उघड्या पडलेल्या उकिरड्यातील बराचसा नत्र हवेत उडतो व पाण्याबरोबर वाहून जातो. अर्धकच्चे खत शेतात नेले की हुमणीचाही उपद्रव वाढतो. इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात काडीकचरा व शेण यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसविली. पुढे पुसदचे पांढरीपांडे यांनी विटांच्या सच्छिद्र टाक्याची नाडेप पद्धत दिली. तरीही मक्याची ताटे बांधावर जळताना दिसतात, याचे नवल वाटते. जनावरांना घालून उरलेली ताटे बारीक करून कुजवावीत. कच्चीच गाडून लगेच पेरणी केल्यास ती कुजताना जमिनीतील नत्र काही काळ अडवून धरतात आणि रोपे पिवळी पडतात.

आता पाकिटाविषयी. 2006 साली जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली असून, भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असणे आवश्यक आहे. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेल्या पाकिटात त्या किती उरणार? मुदतीची तारीख पाहूनच पाकीट घ्यावे. 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम भुकटी थंड केलेल्या गुळाच्या पाण्यातून लावावी, बी सावलीत सुकवावे व त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी. जिवाणू खत सर्वांत शेवटी.

रासायनिक खत एकदम बंद करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. नत्राचे तीन हप्ते करावेत: पेरणीच्या वेळी, 30 दिवसांनी व 40 ते 45 दिवसांनी. माती परीक्षण करून व भरखताचे प्रमाण पाहून मात्रा कमी करता येईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे की, पाकीट हाती देण्यापूर्वी त्यांनी शेतकऱ्याचा खतखड्डा पाहावा. शेतकरी बंधूंनी प्रत्येक रानात चार ओळी जिवाणू खताविना पेराव्यात, त्यांस खुंट्या माराव्यात आणि कापणीस त्यांची कणसे वेगळी तोलावीत.