दादांचा इटलीचा तारा



आमचे दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो) जन्मभर सांगत आले की लढाईच्या वर्षांत ते मुंबईत गिरणीत होते. १९८८ मध्ये ते गेले. पुढे आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत एक पितळी तारा निघाला. सहा टोकांचा, फीत तांबडी-पांढरी-हिरवी. इटली स्टार! गोऱ्या सोल्जरांच्या ताऱ्यांवर नाव कोरलेलं नसे, हिंदी फौजेच्या ताऱ्यांवर असे. मागे दादांचा नंबर, नाव आणि 'मराठा एल. आय.'.

लपवलं का? तर आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. १९४३ पासून तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. धाकटे काका भूमिगतांना भाकरी पोचवायचे. १९७२ साली त्यांना ताम्रपट मिळाला, शाळेत सत्कार झाला. आणि त्याच घरातला थोरला राजाच्या पलटणीत! सत्काराच्या दिवशी मंडपात खुर्च्या मांडत होते दादा, मला चांगलं आठवतंय.

अशा लोकांना सरळ 'भाडोत्री' म्हणणारे आपल्यात आहेत. उलट बाजूला नामदेव जाधव, यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मेल्स फिरवून छाती फुगवणारेही आहेत. (घाडग्यांचं स्मारक २०२३ मध्ये इटलीत मोंतोने इथे झालं. चांगलंच झालं.) मला दोन्ही पटत नाही. २५ लाखांच्या त्या फौजेत सक्तीची भरती नव्हती हे खरं, पण भूक होती की.

मी इंग्लंडात राहतो, म्हणून क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जाऊन बटालियनच्या वॉर डायऱ्या वाचल्या. साहेबांची नावं आहेत. शिपाई म्हणजे फक्त आकडा, 'इतके आय.ओ.आर. जखमी'. त्यांची वैयक्तिक कागदपत्रं शोधायची तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच जावं लागतं. तेव्हा कुणाकडे असा तारा असेल तर आधी मागचा नंबर उतरवून घ्या, त्याच्याशिवाय पान हलत नाही.

आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच फोन करा. मी नव्वदीच्या काकूला केला. म्हटलं, तुला माहीत होतं? तर म्हणाली, "समद्यांस्नी म्हाईत हुतं. थोरल्यांच्या मनिआर्डरीवर तर घर चालायचं. त्या भाकरीचं पीठ कुठनं यायचं मग?"

बेळगावचा अर्ज कालच पोस्टात टाकला.