आधी सांगा, विहीर कोणाची होती?

हल्ली प्रौढांच्या जलतरण स्पर्धांचे मोठे कौतुक चालले आहे. पंचविशी ओलांडलेले उतरतात, पन्नाशीचे उतरतात, सत्तरीचे आजोबा गळ्यात पदक घालून फोटो काढतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी राज्यस्तरीय सागरी स्पर्धा भरते, तिथेही लहान मुलांबरोबर प्रौढांचे गट असतात. प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोत झाली. पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट, ही रीत आता आपल्याकडेही रुळली. सहभाग वाढतोय, असे आयोजक सांगतात. वाढतोय, हे आम्हालाही मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच : कोणाचा?

"घड्याळ जात पाहत नाही," हे उत्तर लगेच येते. खरे आहे. पण घड्याळ सुरू होते स्पर्धेच्या दिवशी. माणूस पोहायला शिकलेला असतो त्याच्या वीस-तीस वर्षे आधी. कुठे शिकलात, असे स्पर्धकांना विचारून पाहा. शहरातला सांगतो, क्लबच्या तलावात. गावाकडचा सांगतो, आमच्या मळ्यातल्या विहिरीत; पाठीला वाळलेला भोपळा बांधला आणि चुलत्याने ढकलून दिले. आठवण गोड आहे. फक्त त्यातला 'आमच्या' हा शब्द नीट ऐका. जमीन ज्याची, त्याची विहीर. आणि गावात जमीन कोणाकडे आहे, हे कळायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आम्ही माढ्यात वाढलो. पोहण्याविषयी घरात एकच धडा मिळाला : दुसऱ्याच्या विहिरीकडे फिरकायचे नाही. आईला आम्ही बुडण्याची भीती होती, त्याहून जास्त विहीरमालकाची. ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणणाऱ्यांनी जून २०१८ आठवावा. जळगाव जिल्ह्यातल्या वाकडी गावात विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या मुलांना नग्न करून मारहाण झाली. आरोपी भटक्या जमातीतले निघाले, तेव्हा "मग यात जात कुठे आली?" असा सूर लागला. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितले, ते याहून वेगळे काय होते?

आम्ही पोहायला शिकलो ते तिशी उलटल्यावर, पैसे भरून, साठ-सत्तर किलोमीटरवर सोलापूरला जाऊन.

कायद्याने तर दार केव्हाच उघडले आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि नंतर शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ उजाडले. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. पण ते कलम सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या पाण्याला लागू आहे. मळ्यातली विहीर आणि सोसायटीचा तलाव त्यात येत नाहीत. आणि नेमके तिथेच लोक पोहायला शिकतात.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. १८ जून १९६४ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे आणि गोरे आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात आम्ल ओतले. महाडला घागरी, तिथे आम्ल. पुढे बंदी उठली. तरी २०१७ च्या अभ्यासात तिथल्या ६४ टक्के काळ्या मुलांना पोहणे अजिबात किंवा फारसे येत नसल्याचे आढळले. ज्या आजोबाला तलावात उतरू दिले नाही, त्याचा मुलगा शिकला नाही. म्हणून नातूही शिकला नाही. बंदी कागदावरून जाते, पण अंगातली भीती पिढ्यान्‌पिढ्या राहते.

आमच्याच कार्यकर्त्यांचे म्हणणे असते, "आधी प्यायला पाणी मिळू द्या, पोहण्याचे मग बघू." त्यांना आम्ही उजनीकडे बोट दाखवतो. धरण आपल्याच तालुक्यात आहे. २१ मे २०२४ रोजी त्याच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला आला. पोहणे ही चैन आहे की गरज, हे यावरून ठरवा.

"या वयात काय शिकायचे?" असेही विचारतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यानंतर पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक आणले. प्रौढपणी माणूस घडतो, फक्त त्याला पाणी आणि शिकवणारा मिळाला पाहिजे.

म्हणून आयोजकांना आमचे सांगणे आहे. नुसती स्पर्धकांची संख्या छापू नका. त्यात पहिल्यांदा उतरलेले किती, खेड्यातले किती, मजुरी करणाऱ्या बाया किती, तेही छापा. पंचविशीनंतर पोहायला शिकलेल्यांसाठी २५ मीटरची वेगळी शर्यत ठेवा आणि तिला प्रवेश शुल्क लावू नका. भीमाकाठचा कोळी आणि भोई रोज पाण्यात असतो. त्याला तुमच्या स्पर्धेची खबर तरी जाते का?

शासनाकडे मागणी आहे : तालुक्याला सार्वजनिक जलतरण तलाव, पगारी प्रशिक्षक, बायांसाठी वेगळी वेळ. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी अशा कामाला लावा.

आणि आपल्या जयंती मंडळांना विनंती आहे. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात वस्तीतल्या वीस जणांचे शिकवणीचे शुल्क भरता येईल. शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच उतरा, कालव्यात धाडस नको.

महाडला आपण ओंजळीने पाणी प्यालो. त्याला शंभर वर्षे होत आली. आता पाण्यात उतरायचे आहे, पोहायचे आहे, आणि स्पर्धेतही उतरायचे आहे. तोवर 'सहभाग वाढला' असे कोणी म्हणाले, की आम्ही विचारत राहू : विहीर कोणाची होती?

जय भीम!