पैसे न खाणारा माणूस

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात आलेला पाहुणा थेट हमामाकडे वळतो, छतावरची रंगीत नक्षी बघतो, मुमताजची कहाणी ऐकतो आणि परततो. जानेवारी 1622 मध्ये याच शहरात जहांगीर बादशहाचा थोरला मुलगा खुसरौ मेला, हे त्याला कुणी सांगत नाही. तेव्हा तो धाकट्या भावाच्या, शहाजादा खुर्रमच्या ताब्यात होता. दरबाराला पोटशूळ कळवला गेला. भावानेच काटा काढला हे लोक तेव्हाही बोलत होते. त्याच वर्षी खुर्रमने बापाविरुद्ध बंड पुकारलं आणि 1628 मध्ये तो शहाजहान म्हणून तख्तावर बसला. पुढे 1658 च्या मार्चमध्ये औरंगजेबही इथूनच फौज घेऊन उत्तरेला निघाला आणि त्याने बापालाच कैदेत टाकलं.

पण ही तख्तासाठीची भाऊबंदकी होती. रयतेला न्याय देऊ, असा शब्द या दोघांनी बंड करताना दिला नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रोबेस्पिएरने तो दिला होता, म्हणून त्याची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते.

आरास गावचा हा वकील. मे 1791 मध्ये फ्रान्सच्या संविधान सभेत उभं राहून त्याने फाशीची शिक्षाच रद्द करा, अशी मागणी केली. पॅरिसमध्ये तो द्युप्ले नावाच्या सुताराच्या घरी भाड्याने राहायचा. लाच घेणार नाही ही त्याची ख्याती, आणि ती खरी होती. जुलै 1793 मध्ये तो सार्वजनिक सुरक्षा समितीत आला, तेव्हा सीमेवर शत्रू होते, वाँदे प्रांतात उठाव पेटला होता. संकट खोटं नव्हतं. नवी राज्यघटना मंजूर होऊनही शांतता होईपर्यंत बाजूला ठेवली गेली. समितीची मुदत सभा महिन्या-महिन्याने वाढवून देत होती. अधिकार कुणी हिसकावून घेतले नव्हते.

कामीय देमूलँ त्याचा शाळासोबती. त्याच्या लग्नात रोबेस्पिएर साक्षीदार होता. आता थोडी दया दाखवा, असं देमूलँने आपल्या वृत्तपत्रात लिहिलं. त्याच्या अटकेच्या हुकमावर या मित्राची सही आहे. 5 एप्रिल 1794 रोजी क्रांतीचाच दुसरा पुढारी दाँतों याच्याबरोबर त्याचंही डोकं उडालं. मग 10 जूनचा कायदा आला: आरोपीला वकील नाही, साक्षीदारांची गरज नाही, निकाल दोनच, सुटका किंवा मृत्यू. पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक माणसं गिलोटिनखाली गेली.

माझ्या मते त्याचा घात त्याच्या निर्मळपणानेच केला. मी स्वच्छ, मी जनतेचा. मग मला विरोध करतो तो जनतेचा वैरी, असा त्याचा हिशोब होता. आपल्याकडेही एखाद्या पुढाऱ्याबद्दल ‘तो पैसे खात नाही’ एवढं कळलं की आपण पुढचं विचारणं सोडून देतो. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला बोलता येतं का, त्याने पकडलेल्याला वकील मिळतो का, हे विचारायलाच हवं. माणूस जितका स्वच्छ, तितकं जास्त. कारण लाचखोराच्या मनात निदान पकडले जाण्याची भीती तरी असते.

27 जुलैला रोबेस्पिएर सभेत बोलायला उठला आणि आरडाओरड्यात त्याचा आवाज बुडाला. त्याला कायद्याबाहेर ठरवलं होतं, म्हणून खटला झाला नाही. ओळख पटवली आणि दुसऱ्या दिवशी आणखी 21 जणांसह त्याला मारलं. त्याच्या पुढच्या दिवशी त्याच्या बाजूचे म्हणून 70 जण गेले. 10 जूनचा कायदा रद्द झाला तो 1 ऑगस्टला.