काउंटरमागे एक स्टूल ठेवा

दसरा झाला की पनवेलच्या बाजारपेठेला उसंत राहत नाही. टपाल नाका, लाईन आळी, मिरची गल्ली, कुठेही जा, धक्के खात चालावे लागते. त्यातही वसुबारसेच्या आधीचा रविवार म्हणजे कळस. तालुक्यातली गावे लोटतात, उरण-खालापूरकडची गिऱ्हाइके येतात आणि रात्री दहापर्यंत शटर ओढायची सोय नसते.

या दिवसाची तयारी दुकानदार महिनाभर आधीपासून करतो. माल भरतो, रोजावर चार मुले-मुली जादा घेतो, सुटे पैसे आणि पिशव्या आणून ठेवतो. धंदा म्हणजे धंदा, त्यात गैर काही नाही. पण काउंटरमागे बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने जेवायचे कधी, टेकायचे कधी आणि स्पष्टच लिहायचे तर लघवीला जायचे कधी, याची तयारी किती दुकानांत होते? भाऊबीज उलटली की दवाखान्यात फराळाने पोट बिघडलेले येतात, तशीच बाजारातली ही नोकरमंडळीही येतात.

आधी साड्यांच्या आणि ड्रेसच्या काउंटरवरच्या मुलींबद्दल. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थोडी थोडी लघवी सारखी होणे, अशी तक्रार असते. ‘पाणी किती पितेस?’ असे विचारले की मुलगी खाली बघते. सकाळपासून ती मुद्दामच पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायले की जावे लागणार, आणि दुकानात जायला जागा नाही. किंवा जागा आहे, पण तिथे मालाचे गठ्ठे रचलेले आहेत. बाहेर ऑक्टोबरचे ऊन, वर झगमगीत दिवे, आणि पोटात दिवसभरात दोन कप चहा!

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंच लांबीचा. जंतू तिथून मूत्राशयात सहज पोचतात. भरपूर पाणी पिऊन वेळच्या वेळी लघवी झाली की त्यातले बरेच वाहून जातात. लघवी तुंबवून ठेवली की त्यांना वाढायला आयता वेळ मिळतो. पुढे थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागले, तर दुखणे मूत्रपिंडापर्यंत गेले असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गरोदर बाईने तर नुसत्या जळजळीकडेही दुर्लक्ष करू नये. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, बरे वाटले की सोडून द्यायच्या, या सवयीने जंतू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात.

आता पायांचे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. एका जागी ताटकळत उभे राहिले की हा पंप बंद पडतो आणि रक्त खालीच साचते. संध्याकाळी चपलेचे पट्टे रुततात ते यामुळे. वर्षानुवर्षे हेच चालले तर ज्यांची प्रकृती तशी असते त्यांच्या शिरा फुगतात, निळ्या-वेड्यावाकड्या दिसू लागतात, आणि काहींना घोट्याजवळ जखमा होतात, त्या लवकर भरत नाहीत. रोज पाच-सहा मैल चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा दिवसभर उभ्या राहणाऱ्या सेल्समनचे पाय लवकर थकतात, यात नवल नाही.

यावर उपाय एक स्टूल! पण स्टूल म्हटले की मालक म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, नोकर बसलेला दिसला की गिऱ्हाईक नाराज होते.’ मला हे पटत नाही. आपली जुनी कापडदुकाने आठवा. पांढरी स्वच्छ गादी, लोड, त्यावर मांडी घालून बसलेले शेठ आणि बसूनच लुगडी उलगडणारा नोकर. समोर गिऱ्हाईकही बसलेले. त्यात कोणाचा अपमान होत नव्हता. काचेचे काउंटर आले आणि नोकराच्या उभे राहण्याला आपण अदब म्हणू लागलो.

इंग्लंडमध्ये दुकानातल्या स्त्री नोकरांसाठी दर तिघींमागे निदान एक बैठक ठेवावी, असा कायदा 1899 साली झाला. आपल्या देशात कोझिकोडच्या बाजारपेठेतल्या बायकांनी आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्यासाठी आवाज उठवला, तेव्हा 2018 साली केरळने दुकान कायद्यात बसण्याची सोय घातली. 2021 साली तामिळनाडूने तेच केले. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांची तरतूद आहे, पण थोड्या नोकरांच्या लहान दुकानांना त्यातले बरेचसे लागू होत नाही. आपल्या बाजारपेठेत तशीच दुकाने जास्त. असो. स्टूल घ्यायला कायदा कशाला हवा?

जेवणाचेही तसेच. चौघे काउंटरवर असतील तर बारा वाजल्यापासून एकेकाने अर्धा-अर्धा तास सुटायचे, दोन वाजता चौघांची जेवणे आटोपतात. नावे आणि वेळा गल्ल्याजवळ कागदावर लिहून चिकटवा. नुसते तोंडी सांगितले तर गर्दीत पहिला बळी जेवणाचाच जातो. उपाशी माणूस संध्याकाळी मापे चुकवतो, बिले चुकवतो, आणि रात्री हिशेब जुळत नाही म्हणून पुन्हा सगळे ताटकळतात.

शेठमंडळींनीही स्वतःला यातून वगळू नये. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली आणि जेवण चार वाजता, असे झाले की साखर उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस उगाच खेकसतो. ‘शेठ आज तापलेत’ म्हणून नोकर बाजूला होतात आणि इकडे शेठ भोवळ येऊन पडायच्या बेतात असतात! शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, मग जेवायला बसवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालयात न्यावे. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असे झाले तर ‘ॲसिडिटी असेल, गर्दी ओसरू दे’ म्हणत सोडा पीत बसू नये. गर्दी तशीच सोडून 108 ला फोन करावा.

राहिला प्रश्न जागेचा. 1852 साली नगरपालिका झालेले आपले हे गाव. जुन्या वाड्यांच्या पडव्यांचे गाळे झाले, त्यांत संडासाला जागा कुठून असणार, हे दुकानदारांचे म्हणणे खोटे नाही. पण चार-पाच दुकानांत मिळून एक स्वच्छतागृह ठेवता येते. झाडण्या-धुण्याचा खर्च वाटून घ्यावा, आतून कडी नीट लागते का ते पाहावे, एक झाकणाची बादली ठेवावी. आणि किल्ली शेठच्या गल्ल्यात नको, काउंटरवरच्या एखाद्या बाईकडे असू द्यावी, म्हणजे मुलींना दर वेळी मागायला जावे लागणार नाही.