नाक दाबून बसलेल्या नगरपित्यांनो!

महाराष्ट्रातली शहरे रोज सुमारे ९१० कोटी लिटर मैलापाणी बाहेर टाकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालातला हा आकडा आहे, आणि यातले निम्मे पाणीसुद्धा प्रत्यक्षात शुद्ध होत नाही, हेही त्याच अहवालात आहे. उरलेले कुठे जाते, हे सांगायला मंडळ कशाला हवे? पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत साठते, आणि उजनीतून सुटलेले पाणी पंढरपुरात वारकरी चंद्रभागा म्हणून डोळ्यांना लावतो. ज्यांनी ते पाणी नासवले तेच आषाढीला महापूजेच्या रांगेत पुढे उभे असतात!

या नासवलेल्या पाण्यात वीज आहे. भाषणातली नव्हे, मोजता येणारी. मध्यम मळकट मैलापाण्याच्या हजार लिटरमध्ये सुमारे १.९ युनिट इतकी रासायनिक ऊर्जा कोंडलेली असते. ९१० कोटी लिटरांचा हिशेब दिवसाला पावणेदोन कोटी युनिटांच्या घरात जातो. ही कागदावरची कमाल मर्यादा झाली. सगळीच्या सगळी ऊर्जा कोणत्याही यंत्राच्या हाती लागायची नाही, हे आम्ही जाणतो. पण आज आम्ही करतो काय? ती ऊर्जा नष्ट करण्यासाठी वर महावितरणची वीज जाळतो! शुद्धीकरण केंद्रात ब्लोअर रात्रंदिवस घोंघावतात, टाकीच्या तळातून हवा बुडबुडत वर येते, त्या हवेवर जंतू मळ खातात आणि फुगून त्यांचाच गाळ होतो. हजार लिटरमागे ०.३ ते ०.६ युनिट या खटाटोपात जातात, आणि त्यातला मोठा वाटा नुसती हवा फुंकण्यावर. वीज गेली, बिल थकले, ठेकेदाराने डिझेल वाचवले, की ब्लोअर गप्प आणि मैला सरळ नदीत. घरचे धान्य उकिरड्यावर फेकायचे आणि ते फेकायला हमालाला मजुरी द्यायची, असला हा कारभार!

जंतूंकडून वीज मिळते ही बातमी काही काल-परवाची नाही. इंग्लंडात डरहॅम विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एम. सी. पॉटर यांनी १९११ साली यीस्ट आणि जंतूंच्या द्रावणात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून वीज वाहते हे दाखवून दिले. अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी १९३१ साली असे अनेक विद्युतघट जोडून ३५ व्होल्टपर्यंत मजल मारली. मग दीर्घकाळ हा विषय प्रयोगशाळेतली गंमत म्हणूनच पडून राहिला. त्यातले गुपित उलगडले ते चिखलात. कोणताही जीव अन्न पचवतो तेव्हा इलेक्ट्रॉन मोकळे होतात. तुम्ही-आम्ही ते श्वासातल्या ऑक्सिजनला देऊन टाकतो. जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा गाळात काही जंतू ते लोहाच्या खनिजाला देतात. १९८७ साली पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली यांनी शोधून काढलेला जिओबॅक्टर हा याच कुळातला. त्याच्यापुढे खनिजाऐवजी कार्बनचे कापड ठेवा, तो त्याच्यावर बुळबुळीत थर धरून बसतो आणि इलेक्ट्रॉन थेट कापडात सोडतो. कापडाला तार जोडा, तारेचे दुसरे टोक हवेशी संपर्क असलेल्या दुसऱ्या कार्बनला जोडा, मध्ये एक सच्छिद्र पडदा घाला. झाला मायक्रोबियल फ्युएल सेल! २००४ साली पेनसिल्व्हेनियात ब्रूस लोगन यांच्या चमूने घरगुती मैलापाण्यावरच असा घट चालवून एकाच भांड्यात पाणीही निवळते आणि वीजही मिळते, हे सिद्ध केले.

आणि तो पडदा? सुरुवातीला त्यासाठी नॅफियॉन नावाचा महागडा परदेशी पडदा लागे. खरगपूरच्या आयआयटीत प्रा. घांगरेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या जागी भाजलेली माती वापरून पाहिली. कुंभाराच्या मडक्याची भिंत! पाणी अडते, भार वाहणारे कण झिरपतात. आत मैलापाणी, बाहेर हवा. जे काम करायला अमेरिकन कंपनीचे प्लॅस्टिक लागते असा समज होता ते काम आपल्या आव्यातले मडके करते, आणि तरीही आमच्या एकाही महापालिकेला खरगपूरची गाडी पकडावीशी वाटली नाही. सिंगापूरचा अभ्यासदौरा मात्र सहकुटुंब पार पडतो.

ब्रिस्टलमध्ये इयोआनिस इयेरोपोलोस यांनी लघवीवर चालणारे घट बनवले. २०१५ साली ऑक्सफॅमच्या साथीने तिथल्या विद्यापीठाच्या आवारातच त्यांची मुतारी उभी राहिली, मग ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात हजारोंनी ती वापरली, आणि पुढे युगांडात किसोरोजवळच्या एका मुलींच्या शाळेत स्वच्छतागृहातले दिवे या घटांवर लागले. रात्री अंधारात शौचाला जाणे म्हणजे काय, हे मुलींना ठाऊक असते. आमच्या आश्रमशाळांतल्या आणि वसतिगृहांतल्या मुलींनाही ते ठाऊक आहे. युगांडाला जे सुचले ते आम्हाला सुचू नये? इकडे या प्रयोगाची बातमी आली की 'मुतावर मोबाइल चार्ज' म्हणून फिदीफिदी हसायचे, विनोद पुढे पाठवायचे आणि विसरून जायचे. आमच्या वृत्तपत्रबंधूंनीही त्यात हात धुऊन घेतले आहेत.

आता जो कोणी पुढारी या घटांवर शहर उजळण्याची घोषणा करील त्याचेही कान आत्ताच उपटून ठेवतो. एक घट चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा फार जास्त देत नाही. खऱ्या मैलापाण्यावर एका चौरस मीटर कार्बनमागे एक वॅटसुद्धा सहसा हाती लागत नाही. एकापाठोपाठ एक घट जोडत गेलो की एखादा कमजोर घट उलटा फिरतो आणि बाकीच्यांची कमाई खातो. हवेकडच्या कार्बनवर, म्हणजे कॅथोडवर, जंतूंचा थर आणि क्षार चढतात. तेव्हा 'मैल्यातून मेगावॉट'चे फलक लावून निविदा काढाल, तर तो चोरीचा नवा मार्ग ठरेल, आणि तो आम्ही वेशीवर टांगू. या घटाचे मोल वेगळे आहे. त्याला हवा फुंकावी लागत नाही. ब्लोअरच्या टाकीच्या मानाने गाळ कमी पडतो. जी थोडी वीज मिळते ती दिव्याला पुरते. विजेचा हिशेब मांडताना मिळवलेल्या युनिटांइतकीच न जाळलेली युनिटेही मांडा, मग बोला.

मग अडले कुठे? पैशात नाही, नदीकाठच्या सुशोभीकरणाला पैसे मिळतात. अडले आहे ते आमच्या नाकात, आणि त्या नाकात जात बसली आहे. मैला ही वस्तू पाहायची नाही, तिच्याविषयी बोलायचे नाही, तिला हात लावणारा ठरलेला आणि त्याची वस्तीही ठरलेली. अशा समाजाला मैल्यात मोल दिसणार कसे? ज्यांना दिसले त्यांना आम्ही हारतुरे घालून कोपऱ्यात बसवले. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले ते कशासाठी? तर सवर्ण असूनही आपल्याला मैलासफाईचे काम करू द्यावे म्हणून! पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचे सोनखत करून दाखवले. देहूत डॉ. मापुसकरांनी दवाखाना सांभाळत गावाच्या संडासांना जैववायूची जोड दिली. गावकऱ्यांच्या चुली त्यावर पेटल्या. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात तर १८९७ च्या सुमारासच मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून इंजिन चालवले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी! त्याच मुंबईत आज मिठी नदीच्या काठाने नाकाला रुमाल लावल्याशिवाय चालता येत नाही.

आणि या नाकाची किंमत कोण मोजतो? सोसायटीची सेप्टिक टँक तुंबते. मुकादमाला फोन जातो. दोघे-तिघे दोर आणि बादली घेऊन येतात. झाकण सरकवले जाते, पहिला उतरतो, हायड्रोजन सल्फाइडने दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. हाताने मैला साफ करवून घेण्यास आणि संरक्षणाविना माणूस गटारात उतरवण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावले. तरीही टाक्यांची झाकणे सरकतच आहेत, आणि गुन्हा नोंदवायची वेळ आली की मुकादम सापडतो, सोसायटीचा सचिव सापडत नाही. एकट्या विद्युतघटाने हे मरण थांबणार नाही. त्यासाठी सक्शनची यंत्रे हवीत आणि कायद्याचा बडगा हवा. पण ज्या टाकीचा वीज देणारी मालमत्ता म्हणून ताळेबंदात उल्लेख होतो, ती टाकी तुंबेपर्यंत विसरली जात नाही. तिच्यावर नेमलेल्या माणसाला तंत्रज्ञाचा हुद्दा आणि तंत्रज्ञाचा पगार द्यावा लागतो. कुणाच्या पोटात दुखते ते इथे!

तेव्हा आमची मागणी साधी आहे. येत्या अर्थसंकल्पात प्रत्येक महापालिकेने एक सार्वजनिक स्वच्छतागृह, एक शाळा आणि एक वसतिगृह निवडावे. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पोरांना हाताशी धरावे, कुंभारवाड्यातून मातीची भांडी घ्यावीत, खरगपूरच्या लोकांना मानाने बोलवावे आणि वर्षभर घट चालवून दाखवावेत. किती वीज मिळाली, पाणी किती निवळले, किती घट बंद पडले, याची पाटी दर महिन्याला दारावर लावावी; आकडे वाईट आले तरी लावावी. कामावर जे सफाई कामगार असतील त्यांना आधी प्रशिक्षण, मग नेमणुकीचे पत्र, तेही कायम. ठेकेदारामार्फत नाही. आणि उद्घाटनाला येणाऱ्या महापौरांनी, आयुक्तांनी आणि पालकमंत्र्यांनी फीत कापण्यापूर्वी ते स्वच्छतागृह एकदा स्वतः वापरावे.